पोर्ट फिनिश सिंगल माल्ट : मार्क रंगाला द्यायचे की माल्टला?

चादरवाला (धागाकर्ता)

गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली आहे, रात्री अंगावर चादर ओढावी इतपत गारठा आहे, आणि सोलापुरात व्हिस्की नीट चाखायची तर वर्षातले हेच काय ते दिवस. मे महिन्यात रात्रीसुद्धा खोलीत ३६-३७ अंश असतात. ग्लास नाकाशी नेला की आधी अल्कोहोलचा भपकारा, बाकी सगळं त्याच्या मागे. म्हणून बरेच दिवस मनात असलेली बैठक जुळे सोलापुरातल्या एका मित्राकडे एकदाची उरकली. पोर्ट फिनिश व्हिस्कीला मार्क कशाचे द्यायचे, एवढा एकच विषय.

नवख्यांसाठी थोडक्यात. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) सातूची व्हिस्की. पोर्ट ही पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली वाईन. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची ब्रँडी ओततात. यीस्ट तिथंच गारद होतं, उरलेली साखर तशीच राहते, आणि १९ ते २२ टक्क्यांची गोड, दाट वाईन हाती येते. ती ज्या लांबट पिंपात मुरते त्याला पाइप म्हणतात, साधारण ५५० लिटरचं. व्हिस्की आधी बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन मक्याच्या व्हिस्कीच्या, रिकाम्या पिंपात मुरवायची आणि शेवटचे काही महिने किंवा काही वर्षं पोर्टच्या पिंपात हलवायची, की झाली पोर्ट फिनिश. १९९०च्या दशकात ग्लेनमोरँजीने असे प्रकार बाजारात रुळवले. आता जो तो करतो.

आमच्या टेबलावर अमृत पोर्टोनोवा होती, बंगळूरची, ६२.१ टक्के. दुसरी ग्लेनमोरँजी क्विंटा रुबान, १४ वर्षांची, ४६ टक्के. तिची पहिली दहा वर्षं बर्बनच्या पिंपात आणि शेवटची चार रुबी, म्हणजे लाल तरुण, पोर्टच्या पिंपात जातात. तिसरी साधी अमृत सिंगल माल्ट, ४६ टक्के, जिला पोर्टचा वारासुद्धा लागलेला नाही. पोर्टने काय भर घातली हे कळायचं तर त्याच घरातली बिनपोर्टची बहीण शेजारी हवीच. आणि चौथा ग्लास हा माझा खोडसाळपणा : तीच साधी अमृत ३० मिली, आणि त्यात दुकानात मिळणारी स्वस्त गोड ‘पोर्ट वाईन’ अर्धा चमचा. हे मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून या बैठकीत मला मार्क द्यायचा हक्क नव्हता. मी फक्त वाढपी.

ग्लासांना बाहेरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. स्टीलच्या फुलपात्रात रंग लपला असता, पण तोंड रुंद, वास उडून जातो. वाईनचे छोटे ग्लास बरे पडले. पोर्टोनोवा आधी ४६ वर उतरवली, नाहीतर पहिल्याच घोटात ती ओळखू आली असती आणि पुढच्या ग्लासांसाठी जिभा बधिर झाल्या असत्या. ३० मिलीला साडेदहा मिली पाणी. मेडिकलमधली सिरिंज वापरली. प्रत्येक ग्लासात १५ मिलीच. मध्ये तोंड साफ करायला ज्वारीची कडक भाकरी, नुसती. शेंगाचटणीची वाटी मार्क लिहून होईपर्यंत फ्रिजवर ठेवून दिली होती.

आता गंमत. वासाला सगळ्यात जास्त मार्क कुणाला? माझ्या बनावट ग्लासाला! गुलकंद, मनुका, जांभळाचं सरबत, एकाने तर ‘जुनी पोर्ट, उत्तम पिंप’ असं लिहून ठेवलं. पण घोट घेतल्यावर चित्र बदललं. जिभेच्या टोकावर गोडवा, मग एकदम पोकळी, मग साधी अमृत. वाईन एकीकडे, माल्ट दुसरीकडे, दोघांची ओळखच नाही. पंधरा-वीस मिनिटं ग्लासात राहिल्यावर तर तिला आंबूस वास यायला लागला.

पोर्टोनोवाचं उलट झालं. पाणी घातलेली असूनही वास सुरुवातीला बंद होता. हळूहळू काळ्या मनुका, खजूर, काकवी, लवंग, कडू चॉकलेट. तोंडात आधी माल्ट आणि व्हॅनिला, मग मधोमध पोर्ट, मग मसाला आणि लाकूड. गिळल्यावर बराच वेळ राहते. क्विंटा रुबान मऊ. संत्र्याची साल, पुदिन्याच्या चॉकलेटसारखं काहीतरी, जीभभर रेशमी. शेवट, म्हणजे गिळल्यावर रेंगाळणारी चव, पोर्टोनोवापेक्षा आखूड, पण कुठे टोचत नाही.

मग टेपा काढल्या, दिवे लावले आणि त्याच मंडळींना त्याच ग्लासांवर पुन्हा मार्क द्यायला सांगितलं. गडद तांबूस पोर्टोनोवा वर गेली, फिकट सोनेरी साधी अमृत खाली आली. दारू तीच, जीभ तीच, मधली वेळ जेमतेम तासाची! क्विंटा रुबानचा तो गुलाबी छटेचा तांबूस रंग बघून एकाला अचानक ‘चेरी’ सापडली, जी अंधारात सापडली नव्हती.

माझं म्हणणं त्यामुळे असं. नाक, चव, शेवट आणि तोल यांना २५-२५ मार्क ही सगळीकडे चालणारी पद्धत पोर्ट फिनिशला अपुरी आहे. नाकाला इथे फसवणं फार सोपं. मी नाकाला १५ देईन, शेवटाला ३५, आणि माल्ट पोर्टच्या खालून दिसतो का यालाच वेगळे ३० ठेवीन. उरलेले २० चवीला. रंगाला शून्य. बोला.

---

कडकभाकरी

भाकरीला चटणीशिवाय टेबलावर बसवलं याचा तीव्र निषेध. बाकी धागा झकास. वाचनखूण साठवली आहे.

---

तिसरी_घंटा

पुण्यातून लिहितोय, हलके घ्या.

तुमच्या बनावट ग्लासाने माझाच मुद्दा सिद्ध केला. फिनिश म्हणजे मेकअप. दारू तरुण आहे, अंगात फारसं काही नाही, पिंप तीनदा वापरून थकलेलं आहे, मग शेवटचे सहा महिने लाल पिंपात बुडवा, लेबलवर पोर्तुगालचं नाव टाका आणि किंमत वाढवा. शिवाय ज्याला ‘पोर्ट पाइप’ म्हणतात ते पिंप पोर्टवाल्यांनी कित्येक दशकं वापरलेलं असतं. पोर्टवाल्यांना लाकडाची चव नकोच असते, म्हणून त्यांना जुनं, निर्जीव लाकूड आवडतं. मग त्या लाकडातून व्हिस्कीला येणार काय? भिजलेली वाईन. म्हणजे तुमचा अर्धा चमचाच, फक्त पोर्तुगालमार्गे. आणि हल्ली बरीच पिंपं तर व्हिस्कीवाल्यांसाठीच नवीन बनवून त्यात काही काळ पोर्ट भरून ‘तयार’ केलेली असतात. अस्सल पोर्टशी त्यांचा संबंध पाहुण्यापुरता.

---

मळीमास्तर

जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आयुष्य गेलं, त्यामुळे बोलल्याशिवाय राहवत नाही. तिसरी घंटा यांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे, म्हणून उरलेल्या अर्ध्यावर बोलतो.

आधी हे समजून घ्या की आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकला जाणारा बराच माल मळीच्या स्पिरिटवर उभा आहे. आमच्या उंच कॉलममधून ते ९६ टक्क्यांना निघतं. त्यात उसाचा वासही उरत नाही, कशाचाच उरत नाही. त्यात थोडं माल्ट, रंग आणि वास मिसळतात. युरोपात त्याला व्हिस्की म्हणू देत नाहीत, धान्याचीच लागते. सिंगल माल्ट म्हणजे फक्त माल्ट केलेलं सातू, एकच डिस्टिलरी, तांब्याचा पॉट स्टिल (हंड्यासारखं ऊर्ध्वपातनाचं भांडं). दुसऱ्या ऊर्ध्वपातनानंतर ती साधारण ७० टक्क्यांच्या आसपास निघते, म्हणजे सातूची आणि आंबवणाची बरीच लक्षणं तिच्या अंगात राहतात. मेकअप करायला आधी चेहरा लागतो, तो इथे आहे.

आता लाकूड. रिकामं केलेलं मोठं पिंपही काही लिटर वाईन पोटात धरून बसतं. ती व्हिस्कीत उतरते हे कबूल. पण अर्धा चमचा ओतणं आणि हे, यात दोन फरक आहेत. एक, लाकडातून आत-बाहेर करताना त्या वाईनमधले आणि लाकडातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, व्हिस्कीत विरघळतात, तोंडाला अंग येतं आणि शेवट लांबतो. दोन, पिंपातून हवा झिरपते. महिनोन्महिने हळूहळू ऑक्सिडेशन होतं, आम्ल आणि अल्कोहोल मिळून एस्टर बनतात, फळाचे वास त्यातून येतात. तुमच्या ग्लासात या दोन्हीला वेळच मिळाला नाही, म्हणून मधे पोकळी. वीस मिनिटांत आंबूस होण्याचं मात्र मला फार नवल नाही. स्वस्त वाईन बाटली उघडल्यावर किती दिवस पडून होती?

आणि एक. स्कॉचला वाईन ओतायची कायद्याने बंदी आहे. पाणी आणि साधा कॅरॅमल रंग, एवढंच चालतं. पिंप भरताना आतली वाईन काढलेली हवी.

---

चादरवाला

मास्तर, साष्टांग. वाईनची बाटली आदल्या दिवशी उघडलेली होती.

तिसरी घंटा, निर्जीव लाकडाच्या मुद्द्यावर : पोर्टोनोवाला त्या पाइपातून लाकूड मिळवायचंच नाही. तिची वाट अशी : आधी बर्बनची पिंपं आणि अजिबात न वापरलेली नवी ओकची पिंपं, मग पोर्ट पाइप, आणि तिथून परत बर्बनच्या पिंपात. म्हणजे लाकूड नव्या ओकने दिलं, फळ पोर्टने, आणि शेवटचा मुक्काम दोघांना बसतं करायला. मला तरी तो शेवटचा मुक्काम चवीत जाणवतो. पोर्ट वर तरंगत नाही, मधे असतो. नुसती लाली चढवायची असती तर पाइपातून काढून थेट बाटलीत भरली असती. ते स्वस्तही पडलं असतं.

---

निव्वळ_वाचक

सिद्धेश्वराच्या गावात आता हेच धागे वाचायचे राहिले होते. तरुण मुलं वाचतात इथे, भान ठेवा.

---

बाळीवेशीतली

@निव्वळ_वाचक, महाराष्ट्रात २५ वर्षांखाली व्हिस्की घेता येत नाही आणि परवाना लागतो, ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. राहिला प्रश्न भानाचा. इथे चार माणसं १५ मिली घेऊन दोन तास भांडतात, हेच भान आहे. पुढे वाचू नका, एवढं सोपं आहे.

मी त्या बैठकीत होते, त्यामुळे धागाकर्त्याने जे गाळलं ते सांगते. सरासरीत पोर्टोनोवा पहिली आली खरी, पण सरासरीने आमचं भांडण झाकलं. दोघांनी तिला भरभरून दिले आणि मी व अजून एकाने सपाटून कापले. कारण शेवट. धागाकर्ता त्याला ‘बराच वेळ राहते’ म्हणतो. राहते, पण काय राहतं? कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ बसते तशी माझी जीभ आणि हिरड्या बसल्या होत्या. फळ केव्हाच निघून गेलं, लाकूड मात्र बसून होतं. लांब शेवटाला ३५ मार्क द्यायचे तर लांबी कशाची ते आधी विचारा. फळ आणि माल्ट शेवटपर्यंत सोबत चालले तर द्या. नुसतं टॅनिन उरलं असेल तर ती लांबी दोषात धरायला हवी.

क्विंटा रुबानचा शेवट आखूड, मान्य, पण संपेपर्यंत त्यात संत्रं होतं. मी तिला वर ठेवलं आणि टेप काढल्यावरही मार्क बदलले नाहीत. बदलणाऱ्यांची नावं मी इथे लिहीत नाही, त्यांना ती माहीत आहेत.

---

चादरवाला

एक नाव मीच लिहितो : घरमालक मित्र. :)

ताई, शेवटाच्या लांबीचा मुद्दा मान्य. पण आणखी एक सांगा, त्या कोरडेपणाला पाणी जबाबदार असेल का? दुसऱ्या फेरीत आपण ती तशीच, ६२.१ वर घेतली, तेव्हा तुम्ही निघून गेला होता. तेव्हा कोरडेपणा कमी आणि तेलकट गोडवा जास्त लागला. भाजलंही, पण गोडही लागलं. ५० वर उतरवली, म्हणजे ३० मिलीला सव्वासात मिलीच्या आसपास पाणी घातलं, तर सगळ्यात छान बसली. ४६ वर लाकूड उघडं पडत असावं.

---

मळीमास्तर

पाण्याबद्दल. २०१७ साली स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी संगणकावर गणित मांडून दाखवलं की ग्वायाकोल, म्हणजे व्हिस्कीतला एक धुरकट-लाकडी वासाचा रेणू, साधारण ४५ टक्क्यांपर्यंत द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतो, तिथून तो नाकाला लागतो. ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलचे रेणू त्याला वेढून आत ओढतात. ६२.१ ची बाटली तशीच हुंगली तर वास ‘बंद’ वाटतो तो यामुळेही असेल. तो एकाच रेणूचा हिशेब आहे, पोर्टच्या फळांचा नाही, हे ध्यानात ठेवा. पण पाणी घातल्यावर लाकूड पुढे येतं, या तुमच्या अनुभवाशी जुळतो.

अवांतर : बाटलीतलं पाणी होतं की नळाचं?

---

उजनीकर

मास्तर, नळाचं म्हणजे कोणत्या दिवसाचं? :D आमच्याकडे पाणी आलं की आधी टाक्या भरायच्या, व्हिस्कीचं नंतर बघू.

पण थट्टा सोडली तर प्रश्न खरा आहे. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो. मी एकदा तेच घातलं होतं, व्हिस्की खडूसारखी लागली. त्यानंतर आरओचं. तरी काय होतं, बर्फ टाकला की काही व्हिस्की धुरकट होतात. भेसळ समजायची का?

---

मळीमास्तर

नाही नाही, उलट. व्हिस्कीत लांब साखळीच्या चरबीयुक्त आम्लांचे एस्टर असतात. अल्कोहोल ४६ च्या खाली गेलं किंवा थंड झालं की ते विरघळलेले राहत नाहीत, म्हणून ढगाळ दिसतं. कंपन्या ते टाळायला दारू थंड करून गाळतात, त्यात थोडं अंगही जातं. ४६ टक्के आणि वरच्या बऱ्याच बाटल्या न गाळता भरतात, क्विंटा रुबान त्यातलीच. ढगाळ झाली तर खुशाल प्या. पण बर्फ चाखताना नको; गारठ्याने जीभ गोडवा आणि वास दोन्ही कमी पकडते, कडवटपणा आणि लाकूड मागे राहतं. पोर्ट फिनिशवर बर्फ म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच आधी मारायचं.

पाणी कमी क्षाराचं घ्या. आरओ चालतं.

---

होटगीरोड

का बे चादरवाल्या, एवढं सगळं लिहिलं, पण पोर्टोनोवा सोलापुरात मिळती कुठं ते लिहीना झालास? आमच्या नेहमीच्या दुकानात विचारलं तर त्यानं मला रम दाखवली. उद्यान एक्स्प्रेस रोज बंगळूरला जाती, भाचा तिथं नोकरीला हाय, सांगू का आणायला?

---

चादरवाला

भाच्याला सांगू नका राव. एका राज्यातली दारू परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यात आणणं गुन्हा आहे, बाटलीवर कर्नाटकाचं लेबल असतं ते यासाठीच. महाराष्ट्रात विक्रीसाठी आलेलीच घ्या. आमची बाटली पुण्यातल्या दुकानातून बिलासकट आली. इथल्या मोठ्या दुकानांत आगाऊ सांगितलं तर कधी मागवून देतात, कधी ‘संपली’ म्हणतात. जी आलीच नव्हती ती संपली कशी, हे विचारू नये.

दराचं म्हणाल तर आयात स्कॉचवर २०२५ साली १५० टक्के सीमाशुल्क होतं, त्यावर राज्याचे कर. २०२५च्या जुलैत ब्रिटनबरोबर झालेल्या करारात ते आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. अमृतवर सीमाशुल्क नाही, तरी पोर्टोनोवा स्वस्त म्हणता येणार नाही. पण हिशेब असाही करा : नेहमीची ४२.८ टक्क्यांची दारू आणि ही ६२.१ ची. पोर्टोनोवाचा ३० मिली पेग म्हणजे नेहमीचे जवळजवळ दीड पेग. हे गाडीची चावी उचलताना तर नक्की लक्षात ठेवा.

---

तिसरी_घंटा

मास्तरांच्या ऑक्सिडेशनपुढे मी अर्धा नमतो. अर्धाच. चादरवाल्यांनी सगळ्यात अवघड उदाहरण घेतलं, जिथे पोर्टचे मुक्काम नीट आखलेले आहेत. पण बाजारात काय चालतं ते बघा. तालिस्करची पोर्ट रुई घ्या, ४५.८ टक्के. तालिस्कर म्हणजे समुद्र, धूर, मिरी. त्यावर पोर्ट चढवला की मला धूर आणि मुरंबा एकमेकांशी भांडताना दिसतात. काही लोकांना तेच आवडतं, त्यांचं त्यांना लखलाभ.

उलट टोकाला बाल्व्हेनीची २१ वर्षांची पोर्टवुड, ४० टक्के. ती एका लग्नात पाहुण्यांच्या कृपेने चाखली. तिच्यात पोर्ट शोधावा लागतो. मध, सुकामेवा, रेशीम, आणि मग मागून हलकेच द्राक्ष. २१ वर्षं मुरलेल्या माल्टला पोर्टने फक्त काठ लावलेत. तुमच्या नव्या पद्धतीत ‘माल्ट दिसतो का’ ला तिला ३० पैकी ३० मिळतील. पण मग पोर्ट फिनिश म्हणून तिला किती? पोर्ट फारसा दिसतच नाही म्हणून कापणार का?

---

बाळीवेशीतली

नाही कापणार. पोर्ट किती दिसतो याला मार्क नाहीत, तो आल्याने माल्टचं भलं झालं का, याला आहेत. बाल्व्हेनीचं झालं असेल तर द्या. पोर्ट रुईचं नाही झालं असं तुम्हाला वाटतं तर कापा, मात्र आधी साधी तालिस्कर दहा शेजारी ठेवून अंधारात प्या. अंधारात प्यायल्याशिवाय इथे कुणाच्याच भांडणाला मी किंमत देणार नाही.

---

सातरस्ता

मास्तरांना एक बाळबोध प्रश्न. बंगळूरला व्हिस्की लवकर मुरते म्हणतात. मग आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत गोदाम टाकलं तर? इथे तर उन्हाळा म्हणजे भट्टी. दोन वर्षांत २१ वर्षांची बाल्व्हेनी?

---

मळीमास्तर

हाहा. नाही हो.

स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के उडून जातं. अमृतवाले बंगळूरसाठी १० ते १२ टक्के सांगतात. म्हणून तिथे चार-पाच वर्षांत बाटलीत भरावी लागते. जास्त थांबलात तर पिंपात चव फार आणि दारू कमी. २०१३ साली त्यांनी आठ वर्षांची ‘ग्रीडी एंजल्स’ काढली तेव्हा नावातच सगळा हिशेब होता.

बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटर उंच आहे, उन्हाळा सौम्य. आपण त्याच्या निम्म्या उंचीवर, उन्हाळ्यात ४२-४३ अंश आणि हवा कोरडी. कोरड्या हवेत अल्कोहोलपेक्षा पाणी जास्त निघून जातं, म्हणजे पिंपातली दारू कमी होत होत अजून कडक होणार. गरमीने लाकूड मात्र भरभरून उतरतं. वेळेचं काम, म्हणजे ते हळू ऑक्सिडेशन, तेवढ्या वेगाने होत नाही. लाकूड धावतं, वेळ चालते. बाळीवेशीतल्या ताईंना जो हिरड्यांचा कोरडेपणा लागला त्याचं एक कारण मला हेच वाटतं : गरम हवा आणि वर नवा ओक. भारतीय पोर्ट फिनिशला मार्क देताना हा दोष पहिल्यांदा शोधावा. स्कॉचमध्ये उलटं, तिथे पोर्ट वर वर राहिला आहे का ते शोधावं. दोन्हींना एकच फूटपट्टी लावून भांडण वाढतं.

सोलापुरात गोदाम टाकायचंच असेल तर तळघरात टाका आणि जमिनीवर पाणी मारायची सोय करा. ते पाणी कुठून आणायचं ते उजनीकरांना विचारा.

---

उजनीकर

माझ्याकडं नाही. :D

---

तिसरी_घंटा

फूटपट्टीचा मुद्दा पटला. तरी रंगाला शून्य देण्यावर माझा आक्षेप आहे. रंगावरून एक गोष्ट कळते : बाटलीवर ‘नैसर्गिक रंग’ लिहिलेलं असेल आणि छटा गुलाबी-तांबूस असेल, तर पोर्टचं पिंप जिवंत होतं, एवढी साक्ष मिळते. कॅरॅमलने तपकिरी होते, गुलाबी नाही. साक्ष म्हणून तरी बघू द्या.

---

चादरवाला

साक्ष म्हणून बघा, मार्क लिहून झाल्यावर. माझ्या बनावट ग्लासालाही मस्त गुलाबी छटा होती.

---

तिसरी_घंटा

हे मात्र बिनतोड.

---

कडकभाकरी

पुढच्या बैठकीत शेंगाचटणीबरोबर पोर्टोनोवा, असा स्वतंत्र गट ठेवा. लसूण, तिखट, शेंगदाण्याचं तेल आणि वर ती काकवी-खजुराची चव. मार्क मी देतो, नाकाला टेप लावून.

---

बाळीवेशीतली

तिखटावर ६२ टक्के? जीभ दुसऱ्या दिवशी परत येईल. शेंगापोळीबरोबर घ्या, ५० वर उतरवून. गूळ आणि दाण्यांनी तो कोरडेपणा पुष्कळ झाकला जातो. मी बैठकीनंतर घरी करून पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर माझे मार्क वाढले असते. पण मार्क भाकरीवरच द्यायचे असतात, पोळीवर नाही.

---

होटगीरोड

बाटली मिळाली! बिलासकट, पुण्याहूनच. आता अर्धी उरली तर मे महिन्यात काय करायचं? आमच्या वरच्या खोलीत दुपारी पत्रा तापतो.

---

चादरवाला

अभिनंदन राव! वरच्या खोलीत अजिबात नको. खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीच्या कपाटात, अंधारात, बाटली उभी ठेवा. वाईनसारखी आडवी नको, ६२ टक्क्यांची दारू बूच खाते. अर्ध्याच्या खाली गेली की छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे वर हवा राहणार नाही. पोर्टचं फळ हवेने सगळ्यात आधी जातं, लाकूड शेवटी. बुचाभोवती प्लंबरची पांढरी टेप गुंडाळली तर उन्हाळ्यात उडणंही कमी होतं. आणि लोखंडी कपाट असेल तर ते भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून घ्या.